खापर रोमच्या माथी : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात चौल बंदराविषयी लिहिताना ओघात मी एक वाक्य टाकलं होतं, "रोमचे व्यापारी दारूचे कुंभ घेऊन यायचे." बंदरावर चार पानं लिहिली, त्यावर एक पत्र नाही. या एका वाक्यावर अठरा! दारू हा शब्द छापला की पुण्यात पोस्टमन कामाला लागतो, हे मी विसरले होते. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, पत्रं थोडी छाटलीत. आणि आधीच सांगून ठेवते, मी इतिहासकार नाही. उत्खननात निघालेली खापरं धुवायची, त्यांवर नंबर टाकायचे, ढीग लावायचे आणि त्यांची चित्रं काढायची, हे माझं बत्तीस वर्षांचं काम. काठाच्या दोन इंची तुकड्यावरून आख्खं मडकं काढून दाखवा म्हणालात तर दाखवीन. सातवाहनांची वंशावळ विचारलीत तर मलाही पुस्तक उघडावं लागेल.

प्रश्न : त्या रोमन कुंभाचं (तुम्ही 'अँफोरा' म्हणता) चित्र पाहिलं. बूड गाजरासारखं निमुळतं! ठेवला की आडवा. आमच्या कारखान्यात असं डिझाइन कुणी आणलं असतं तर मी परत पाठवलं असतं. (निवृत्त इंजिनिअर, कोथरूड)

उत्तर : आणि जहाजाच्या तांडेलानं तुम्हाला परत पाठवलं असतं. अहो, आपली घागर तरी कुठे सपाट फरशीवर उभी राहते? तिला चुंबळ लागते, माठाला तिवई लागते. अँफोऱ्याची चुंबळ म्हणजे जहाजाचा तळ. खालचा थर वाळूत नाहीतर काटक्याकुटक्यांत रोवायचा, आणि वरच्या थराची टोकं खालच्यांच्या खांद्यांमधल्या फटींत बसवायची. जहाज कललं तरी माल एकमेकांना धरून राहतो. सपाट बुडाची भांडी अशी चार थर रचून बघा, मग बोलू. शिवाय ते टोक म्हणजे तिसरा कान. ओतताना एक हात वरच्या कानाला, दुसरा टोकाला. एका अँफोऱ्यात साधारण २६ लिटर मावायचं, आणि तो रिकामासुद्धा चांगला जड. दोन कानांवर एकट्यानं ओतणं शक्यच नाही.

एवढं करून ही भांडी एकदाच वापरायची, हे मात्र तुम्हाला खरंच खटकेल. विशेषतः तेलाची. तेल मातीत मुरतं, मग खवट होतं. रोममध्ये स्पेनहून आलेले तेलाचे कुंभ फोडून एका जागी टाकायचे, त्याची टेकडी झाली. मोंते तेस्ताच्चो, ३५ मीटर उंच, पाच कोटींहून जास्त कुंभ असतील असा अंदाज. पर्वतीपुढे ठेंगणी, पण पर्वती खापरांची नाही.

प्रश्न : हाताएवढ्या तुकड्यावरून तो रोमचा की आपल्या कुंभाराचा, हे तुम्ही कसं ओळखता? की पुस्तकात लिहिलंय म्हणून? (एम.ए.ची विद्यार्थिनी, नारायण पेठ)

उत्तर : शेवटच्या वाक्याबद्दल शाबासकी. याचं उत्तर जरा ऐसपैस देणार आहे, कारण इथेच मी स्वतः तोंडघशी पडलेली आहे.

आकार फसवतो. कुंभार चांगला असेल तर तो कुठल्याही भांड्याची नक्कल करतो. माती फसवत नाही. खापराच्या कडेचा मसुरीएवढा टवका पक्कडीनं मोडायचा आणि त्या ताज्या तुटीवर दहापट भिंग धरायचं. जुनी तूट बघून उपयोग नाही, ती मळलेली असते. आपल्याकडच्या मडक्यात बहुतेक वेळा नदीचा गाळ दिसतो आणि बारीक लांबट भोकं. कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात एका आजींना मी विचारलं होतं, तर त्या म्हणाल्या, "लीद नि राख घातल्याबिगर माती उभी राहत न्हाई बाई." लीद भट्टीत जळून जाते, तिची भोकं राहतात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या खापरांतही तीच भोकं!

आता इटलीतल्या कांपानियाचा अँफोरा घ्या. व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या परिसरातला. विटकरी माती, आणि तिच्यात काळे चकचकीत कण, काळे तीळ भरडून कणकेत मळावेत तसे. ते ज्वालामुखीच्या राखेतून आलेलं खनिज. भिंगाखाली एकदा पाहिलं की विसरता येत नाही. त्यात कान मिळाला तर दुधात साखर, कारण या कुंभांचा कान दोन वळकट्या शेजारीशेजारी चिकटवून केलेला असतो; आडवा छेद घेतला तर इंग्रजी आठासारखा दिसतो. हाइनरिश ड्रेसेल नावाच्या जर्मन पंडितानं १८९९ मध्ये अँफोऱ्यांचा तक्ता छापला, त्यात हे दोन ते चार नंबरला बसतात. म्हणून आमच्या याद्यांमध्ये नुसतं 'ड्रेसेल दोन-चार' लिहिलेलं असतं. बाहेरच्या माणसाला तो बसचा नंबर वाटेल.

असे खरेखुरे अँफोरे आपल्याकडे आले, यात शंका नाही. पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूला १९४५ मध्ये मॉर्टिमर व्हीलरनं खणलं तेव्हा ते निघाले. नेवाशाला प्रवरेकाठी १९५४ ते ५६ मध्ये सांकलियांनी उत्खनन केलं, तिथेही. नेवासं समुद्रापासून किती आत आहे बघा. कुणीतरी तो कुंभ बैलावर नाहीतर गाडीत घालून घाट चढवला. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशानं लिहिलेल्या प्रवासवर्णनात (पेरिप्लस) भडोचला काय खपतं त्याची यादी आहे. त्यात दारू आहे आणि पसंतीही लिहिलेली आहे : आधी इटलीची, मग सीरियातल्या लाओडिसियाची आणि अरबस्तानची. म्हणजे ब्रँड बघून घेणारे लोक तेव्हाही होते.

आता माझी फजिती. ऐंशीच्या दशकात किनाऱ्याजवळच्या एका उत्खननात मी खापरं धूत होते. (ठिकाण सांगत नाही, तेव्हाची सगळी मंडळी अजून माझ्याशी बोलतात.) जाडजूड, पिवळट, रेताड मातीचे तुकडे. एक टोकदार बूडही निघालं. आतल्या बाजूनं काळं काहीतरी थापलेलं, पापुद्रे सुटलेले. मला वाटलं काजळी असेल, नाहीतर कुणीतरी मागाहून यात डांबर उकळलं असेल. मी टूथब्रशनं घासलं, निघेना, तर ब्लेडनं खरवडलं. चांगली पाऊण तास मेहनत घेतली. स्वच्छ लख्ख केलेले ते अकरा तुकडे मी पिशवीत भरले आणि चिठ्ठीवर माझ्या सुबक अक्षरात लिहिलं, 'रोमन अँफोरा'. टोकदार बूड, परदेशी माती, म्हणजे रोमन. आणखी काय असणार?

वीसेक वर्षांनी एक तरुण संशोधक ती पिशवी उघडून बसला. एक तुकडा त्यानं उलटा केला, खिडकीशी नेला आणि मला विचारलं, "मॅडम, याच्या आत काळं काही नव्हतं?" मला दरदरून घाम फुटला. एका तुकड्याच्या खाचेत, ब्लेड पोचलं नव्हतं तिथे, नखाएवढा काळा पट्टा उरला होता.

ते नैसर्गिक डांबर होतं. इराक आणि नैऋत्य इराणात ते जमिनीतून आपोआप पाझरतं. तिथले कुंभार आपल्या कुंभांना आतून त्याचा लेप द्यायचे, म्हणजे आतलं द्रव पाझरू नये. या कुंभांना कान नसतात, अंग लांबोळकं, बूड टोकदार. म्हणून अभ्यासक त्यांना 'टॉर्पेडो जार' म्हणतात. नाव मला आवडत नाही, पण रूढ झालंय. रोमन दारूच्या कुंभांनाही आतून लेप असायचा, पण तो राळेचा, पातळ. डांबराचा थर जाड असतो आणि तुटला की काचेसारखा चमकतो. मी तेच तर खरवडून काढलं होतं.

मी एकटीच चुकले असते तर ही गोष्ट छापण्यासारखी नव्हती. पण २००० नंतर रोबर्टा टॉम्बर या विदुषी भारतातल्या संग्रहांतून फिरल्या आणि जिथे जिथे 'अँफोरा' अशी चिठ्ठी होती तो तुकडा त्यांनी पुन्हा हातात घेतला. त्यांतले कितीतरी टॉर्पेडो जारचे निघाले. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तर विशेष. घारापुरीच्या मोराबंदरलाही हे इराणी कुंभ आहेत, आणि पारशांच्या संजाणला २००२ पासून खणलं तिथे तर रग्गड.

तुम्ही म्हणाल, रोम काय आणि इराण काय, परदेशीच ना? फरक काळाचा आहे. रोमन कुंभ आपल्याकडे मुख्यतः इसवी सनाच्या आगेमागच्या शतकांतले. टॉर्पेडो जार साधारण तिसऱ्या ते नवव्या शतकातले. शाळेत आपण काय शिकलो? सातवाहन गेले, रोमशी व्यापार बुडाला, बंदरं ओस पडली. आता माझ्या त्या पिशवीकडे बघा. पाचव्यासातव्या शतकातल्या इराणी मालावर मी 'रोमन' लिहून तो पहिल्या शतकात ढकलला. अशा चिठ्ठ्या दहा ठिकाणी लागल्या की मधली पाचसहा शतकं नकाशावर रिकामी दिसणारच. बंदरं ओस पडली नव्हती, खापर चुकीच्या माथी फुटलं होतं.

आता तर डांबराच्या रासायनिक ठशावरून ते कुठल्या भागातल्या झऱ्याचं, हेही सांगतात. थायलंडमध्ये २०१३ मध्ये फानोम सुरिन इथे खारफुटीच्या चिखलात एक जुनं जहाज सापडलं, फळ्या दोरीनं शिवलेलं. त्यातही हे कुंभ निघाले. म्हणजे इराणातून निघालेला माल आपला किनारा ओलांडून कुठवर जायचा बघा. मुली, उत्खननाला जाशील तेव्हा ब्लेड घरी ठेव.

प्रश्न : स.न.वि.वि. आपण मागील अंकात पान १४ वर 'रूलेटेड वेअर' या खापरांचा उल्लेख 'रोमन बनावटीची' असा केला आहे. हे साफ चूक आहे. खुलासा अपेक्षित. (सदाशिव पेठ)

उत्तर : चूक आहे, माझीच आहे, मुद्रितशोधकाच्या माथी मारत नाही. या ताटल्यांच्या आतल्या बाजूला बारीक टोचांची गोल गोल वर्तुळं असतात. व्हीलरच्या काळी ते भूमध्य समुद्राकडचं तंत्र मानलं गेलं. पुढे मातीच्या तपासणीत ती भारतातलीच ठरली. आपल्या येरवड्याच्या डेक्कन कॉलेजातल्या विश्वास गोगट्यांनी क्ष-किरणांनी तपासून १९९७ मध्ये बंगालच्या चंद्रकेतुगढ-तामलुक भागाकडे बोट दाखवलं. आणि या भारतीय ताटल्या थेट बालीपर्यंत गेलेल्या आहेत. येरवड्याला झालेलं काम मी पेठेत बसून विसरावं, हे वाईटच. आपला राग मान्य.

प्रश्न : नाणेघाटाच्या तोंडाशी दगडात कोरलेला मोठा रांजण आहे. व्यापारी त्यात जकातीची नाणी टाकत, एका दिवसात तो भरायचा, असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. ट्रेकिंगवाले गाइडही तेच सांगतात. खरं का? (जुन्नर)

उत्तर : तुमच्या गावच्या रांजणाला हात लावायचा म्हणजे मला जुन्नरला परत यायची भीती वाटते. पण विचारलंतच म्हणून सांगते. त्या रांजणावर काही लिहिलेलं नाही. शेजारच्या लेण्यात नागनिका राणीचा मोठा लेख आहे. त्यात यज्ञ आहेत, दक्षिणेत दिलेल्या गाई, हत्ती, घोडे, कार्षापण (म्हणजे तेव्हाची नाणी), सगळा हिशोब आहे. जकात नाही आणि रांजणही नाही. नाण्यांची गोष्ट ही ऐकीव परंपरा आहे. गोष्ट झकास आहे, पण माझ्यासारख्या भांडीवालीला दुसरंच दिसतं. उघड्या तोंडाचा रांजण, घाटमाथ्यावरचा पाऊस, आणि आत नाणी? श्रावणात ती पोहत असतील. घाट चढून आलेल्या माणसाला आणि जनावराला आधी काय लागतं? पाणी. माझा कौल पाण्याला. पुरावा मात्र मागू नका, तो माझ्याकडेही नाही आणि गाइडकडेही नाही.

जकात तिथे घेतच नसत, असं मात्र मी म्हणत नाही. कल्याण-सोपाऱ्याहून जुन्नरला यायची ती राजवाट. पेरिप्लसमध्ये कल्याणचं नाव आहे, आणि तिथे चुकून शिरलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेलं जाई, हेही आहे. म्हणजे जकातीवरून राज्याराज्यांत मारामारी होती. आणि खुद्द तुमच्या जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाचा (तेव्हा यवन म्हणजे ग्रीक, पश्चिमेकडचा परदेशी) लेख आहे, त्यानं दोन पोढ्या दान दिल्या. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. परमुलखातून आलेल्या माणसाला या डोंगरात पुण्य करावंसं वाटलं, तर त्यानं पाणीच दिलं. गाइडला हे सांगा, पर्यटकांना आवडेल.

प्रश्न : सगळं तिकडून इकडे आलेलंच सांगता. आपलं मडकं तिकडे गेलं नाही का हो? (गृहिणी, बिबवेवाडी)

उत्तर : गेलं ना! आणि ही माझी सगळ्यात लाडकी गोष्ट.

इजिप्तच्या तांबड्या समुद्रावर बेरेनिके नावाचं बंदर होतं. तिथल्या सेरापिस देवाच्या मंदिराच्या आवारात, जमिनीत पुरलेला एक भारतीय रांजण सापडला. आत काळी मिरी. वजन ७.५५ किलो. दोन हजार वर्षं इजिप्तच्या कोरड्या हवेत तशीच्या तशी. आपल्याकडे डब्यातल्या मिरीला एका पावसाळ्यात बुरा येतो! मलबारहून निघालेला तो रांजण अरबी समुद्र ओलांडून पोचला, आणि आपण अजूनही "रोमन येत होते" असंच म्हणतो.

त्याच किनाऱ्यावर कुसैर अल-कदीम आहे. तिथे एका साठवणीच्या भांड्याचे तुकडे मिळाले, त्यांवर तमिळ-ब्राह्मी लिपीत दोनदा कोरलंय : 'पानै ओरि'. इरावतम महादेवन यांनी ते वाचलं. पानै म्हणजे मडकं. आणि ओरि, म्हणजे आजच्या तमिळमधलं 'उरि', हे काय असेल? शिंकं! दोरीच्या जाळीत टांगलेलं मडकं. माझ्या आजोळी माजघरात आढ्याला शिंकं होतं, त्यात दह्याचं मडकं, आणि मांजर खाली बसून वर बघायचं. गोकुळाष्टमीला आपण दहीहंडी फोडतो, तमिळ लोक त्या खेळाला 'उरियडी' म्हणतात, तोच हा उरि. जहाज हलतं, डोलतं. त्यात पाण्याचं नाहीतर तेलाचं भांडं ठेवायची याहून शहाणी जागा कुठली? कुणातरी खलाशानं ते आपल्या भांड्यावर खरवडून ठेवलं, बहुधा दुसऱ्यानं पळवू नये म्हणून. आपण स्टीलच्या डब्यांवर नावं घालून घेतो, त्यातलाच प्रकार.

याच्याही फार आधी, हडप्पाच्या काळात, सिंधू खोऱ्यातले काळा लेप दिलेले मोठे रांजण समुद्रापार ओमानला जायचे. रास अल-जिन्झ इथे त्यांचे तुकडे मिळालेत, आणि सिंधू लिपीतली चिन्हं कोरलेलं खापरही. चार-साडेचार हजार वर्षं झाली. तुमचा प्रश्न बरोबर होता. आम्हीच उत्तर उशिरा देतोय.

प्रश्न : मी सातवीत आहे. दिवाळीत रेवदंड्याच्या किनाऱ्यावर मला तीन खापरं सापडली. एक पांढरं-निळं आहे, दोन लाल आहेत. ती प्राचीन आहेत का? मी ती विकू शकतो का? (औंध)

उत्तर : फोटोवरून सांगते. पांढरं-निळं चिनी मातीचं आहे. रेवदंड्याला पोर्तुगीजांचा किल्ला होता, तेव्हा तिथे अशी भांडी पुष्कळ फुटली. लाल दोघांपैकी एक कौल आहे. हिरमुसू नकोस, मीही एकदा कौलाचं चित्र काढून ठेवलं होतं. दुसऱ्याचा फोटो अंधारात काढलायस, परत काढ, शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेव म्हणजे माप कळतं.

विकायचं मात्र डोक्यातून काढून टाक. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू 'पुरावस्तू' ठरू शकते आणि तिच्या खरेदी-विक्रीवर नियम आहेत. आणि खरी अडचण वेगळीच आहे. ती खापरं तू घरी आणलीस तेव्हा त्यांची जागा मागे राहिली. पुढच्या वेळी उचलू नकोस. फोटो काढ, किल्ल्याची भिंत कुठल्या हाताला होती, भरतीची रेघ किती पावलांवर होती, हे वहीत लिही, आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला कळव. तुझ्याकडे आता तीन खापरं आहेत. वही असती तर तीन पुरावे असते.

प्रश्न : आमच्याकडे सासूबाईंची लोणच्याची जुनी बरणी आहे, वरून तपकिरी, खाली पिवळसर. शेजारच्या भाभी तिला 'मर्तबान' म्हणतात आणि हे नाव परदेशी आहे म्हणतात. बरणीही परदेशातून आलेली असेल का? रविवारी दाखवायला आणू? (कर्वेनगर)

उत्तर : भाभी बरोबर आहेत. ब्रह्मदेशात मोत्तमा नावाचं बंदर आहे, परदेशी लोक त्याला मर्तबान म्हणत. मोठ्या, झिलईच्या बरण्या त्या बंदरातून जहाजांवर चढायच्या, आणि बंदराचं नाव बरणीला चिकटलं. हिंदीत साखर 'चीनी' झाली आणि खडीसाखर 'मिश्री', तसंच हे. चौदाव्या शतकात इब्न बतूता लिहितो की त्याला भेटीदाखल 'मर्तबानं' मिळाली, त्यांत आलं, मिरी, लिंबं आणि आंबे, जहाजावर नेण्यासाठी खारवलेले. थोडक्यात, कैरीचं लोणचं!

झिलईचं कारणही तेच जुनं. नुसत्या मातीचं भांडं पाझरतं. इटलीवाल्यांनी राळ फासली, इराणवाल्यांनी डांबर, पूर्वेकडच्यांनी भट्टीत काचेचा थर चढवला. तिसरा उपाय सगळ्यांत टिकाऊ ठरला, आणि मीठ-मोहरी-तेलाला तोच झेपतो. अशा बरण्यांत फक्त लोणचं जायचं असंही नाही. इंडोनेशियात बेलितुंग बेटाजवळ नवव्या शतकातलं एक बुडालेलं जहाज सापडलं, त्यात साठ हजारांच्या आसपास चिनी भांडी. वाडगे मोठ्या बरण्यांच्या आत गोल गोल रचून भरलेले. फुटू नयेत म्हणून भांड्यात भांडी. आपण घर बदलताना पातेल्यात कपबशा भरतो, तसंच.

तुमची बरणी मात्र, तुम्ही वर्णन केलंय त्यावरून, आपल्याकडच्याच एखाद्या कारखान्यातली, सत्तरऐंशी वर्षांपूर्वीची असावी. उलटी करून बुडाला शिक्का दिसतो का बघा. शिक्का नसला तर काठाच्या आतल्या बाजूला, झिलई नसते तिथे, मातीचा रंग कसा आहे तो मला बघू द्या. रविवारी दहानंतर या. आणि त्यासाठी बरणी धुऊन रिकामी करून आणू नका. आहे तशी, लोणच्यासकट आणा.